साधे काम बिघडते तेव्हा मन एवढे का बिघडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे किरकोळ काम उरकायला बाहेर पडावे, ते होऊ नये, आणि त्यानंतर दिवसभर, कधीकधी दोन-तीन दिवसही, मनाची विस्कटलेली घडी पुन्हा बसू नये, हा अनुभव पुष्कळ जणांना येतो. त्याविषयी बोलायला मात्र संकोच वाटतो, कारण कागद अपुरे निघाले, यंत्र बंद होते किंवा पार्सल परत गेले, एवढेच सांगण्यासारखे असते आणि ते सांगताना आपले आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. असा संकोच बाळगणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी सविस्तर उत्तरे येथे दिली आहेत.

काम एवढेसे होते. मग मला रडू का कोसळले?

तुमची प्रतिक्रिया तुम्हाला प्रमाणाबाहेरची वाटते, कारण तुम्ही ती त्या एका कामाशी ताडून पाहता. मन मात्र त्या क्षणी एकट्या त्या कामाला उत्तर देत नसते. त्या कामासाठी मोठ्या मुश्किलीने काढलेला वेळ, त्यापायी पुढे ढकललेली दुसरी कामे, आदल्या रात्रीची अपुरी झोप, महिनाभर कोणाला न सांगितलेली काळजी आणि ‘बाकी काही नाही, निदान हे तरी आज मार्गी लागेल’ ही सकाळी मनाशी धरलेली आशा, या सगळ्यांचे ओझे त्या कामावर येऊन बसलेले असते. काम बिघडले की ते सगळे एकदमच अंगावर येते. ओझ्याकडे पाहिले तर अश्रू प्रमाणातच असतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. वडील गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या नावावरचे एक खाते बंद करायला मी एका कार्यालयात गेले होते. अर्जावरची माझी सही आधीच्या कागदावरील सहीशी जुळत नाही, असे सांगून तो अर्ज मला परत देण्यात आला. अंत्यविधीपासून पुढची सगळी व्यवस्था मी कोरड्या डोळ्यांनी पाहिली होती. त्या कार्यालयाच्या जिन्यात मात्र मी अर्धा तास रडत बसले. सही पुन्हा करायला दोन मिनिटे पुरली असती. पण वडील आता नाहीत, हे वाक्य मी त्या दिवशी चौथ्या खिडकीवर चौथ्यांदा उच्चारले होते, आणि तेही पुरेसे ठरले नव्हते.

प्रत्येक चिडचिडीच्या मुळाशी असे काही दुःख दडलेले असतेच, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पुष्कळदा माणूस नुसता थकलेला किंवा उपाशी असतो. म्हणून दर वेळी खोल उत्खनन करण्याची गरज नाही. ‘हे सगळे त्या कामाचेच आहे का?’ एवढा एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवणे पुरेसे आहे.

मोठी संकटे मी शांतपणे झेलू शकतो, मग एक अर्ज परत आला की तोल का सुटतो?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण स्वतःला दुबळे समजू लागलेले असतात, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

मोठे संकट आले की त्याला संकट म्हणून मान्यता मिळते. माणसे धावून येतात, कामावरून रजा मिळते, नेहमीच्या जबाबदाऱ्या दुसरे कोणी उचलते आणि आपणही मनाने कंबर कसतो. किरकोळ कामाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. पार्सल परत गेले म्हणून कोणी भेटायला येत नाही. उलट ते काम दिवसाच्या इतर कामांच्या मधल्या फटीत, कोणाच्या लक्षात न येता पार पडावे अशीच सर्वांची, आपली स्वतःचीही, अपेक्षा असते. त्यामुळे ते बिघडते तेव्हा आपण बेसावध असतो, एकटे असतो, आणि दुःख करण्याची परवानगीही आपल्यापाशी नसते.

मानसशास्त्रातही या छोट्या त्रासांकडे लक्ष उशिरानेच गेले. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातील ४३ ताणदायक घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली; तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते आणि इतर घटना त्या तुलनेत खाली उतरत गेल्या होत्या. पुढे १९८१ मध्ये ॲलन कॅनर, रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० मध्यमवयीन व्यक्तींकडून दहा महिने रोजच्या कटकटींची नोंद घेतली, तेव्हा त्या व्यक्तींच्या मानसिक तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. कटकटींची यादी आणि आजाराच्या लक्षणांची यादी काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात, असा आक्षेप या अभ्यासावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही रोजचे बारीक त्रास ही गंभीरपणे पाहण्याची गोष्ट आहे, हे त्या कामानंतर कोणाला फारसे नाकारता आले नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की मोठे संकट आणि छोटा बिघाड हे अनेकदा दोन वेगळे प्रसंग नसतातच. घरातील आजारपण तुम्ही शांतपणे झेलता, आणि त्याच आजारपणातल्या औषधाची चिठ्ठी चुकीची निघाली की कोसळता. शांतपणे झेलण्याची जी किंमत तुम्ही आतल्या आत मोजत होता, ती त्या चिठ्ठीपाशी बाहेर पडते.

नेहमीचेच काम होते, कठीण नव्हते. कठीण कामात अपयश आले तर एवढे लागत नाही, असे का?

कठीण कामाला निघताना ते होईल किंवा होणार नाही, अशी दोन्हींची तयारी मनाने केलेली असते. नेहमीचे काम मात्र आपण घरातून निघण्यापूर्वीच मनातल्या यादीतून खोडून टाकलेले असते. ते झालेच आहे असे धरून पुढचा दिवस आखलेला असतो: तिथून निघून दुसऱ्या ठिकाणी जायचे, मग अमक्याला भेटायचे, मग घरी. एक कडी निखळली की साखळीच हातातून सुटते, आणि आपण एका कामाऐवजी एकदम तीन-चार कामे गमावतो.

अपेक्षित गोष्ट न मिळणे हे मेंदूच्या पातळीवरही ‘काहीच न घडणे’ नसते. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, ठरावीक खुणेनंतर फळांचा रस मिळण्याची सवय झालेल्या माकडांना तो मिळाला नाही, तर डोपामीन पाझरणाऱ्या चेतापेशींची हालचाल नेमकी रस मिळायला हवा होता त्या क्षणी मंदावत असे. माकडाच्या मेंदूतील पेशींवरून थेट माणसाच्या संतापावर उडी मारणे योग्य होणार नाही. पण जे हमखास मिळणार असे वाटत होते, त्याची अनुपस्थिती ही स्वतःच एक घटना असते, एवढे समजून घ्यायला हे उदाहरण उपयोगी पडते.

येथे एक बाब मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. ‘किरकोळ काम’ हे सर्वांसाठी सारखे किरकोळ नसते. ज्याला उद्या पुन्हा सहज येता येईल, त्याच्यासाठी परत गेलेला अर्ज हा एक हेलपाटा आहे. जिने अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन, तान्ह्या बाळाला शेजारणीकडे सोपवून, दोन वाहने बदलून तिथपर्यंत येणे जमवले, तिच्यासाठी त्याच अर्जाचा अर्थ निराळा आहे. नियम समजून घेण्याचे कष्ट, कागद जमवण्याचे कष्ट आणि परक्या माणसापुढे स्वतःचे खरेपण सिद्ध करण्याचा मानसिक त्रास हे तिन्ही त्या अर्जाच्या मागे असतात, आणि ज्यांच्यापाशी वेळ, पैसा व प्रकृती या तिन्हींची तंगी असते त्यांना ते सर्वांत जास्त सोसावे लागतात. तेव्हा दुसऱ्याचा संताप पाहून ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ असे म्हणण्यापूर्वी ती गोष्ट त्याला केवढ्याला पडली, हे विचारणे न्यायाचे ठरेल. स्वतःच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.

अगदी थोडक्यात हुकले म्हणून जास्त वाईट वाटते का?

होय. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये एक प्रसंग लोकांपुढे ठेवला होता. दोन प्रवासी विमानतळावर ३० मिनिटे उशिरा पोहोचतात. एकाचे विमान वेळेवर गेलेले असते. दुसऱ्याचे विमान उशिराने, अवघ्या पाच मिनिटांपूर्वी सुटलेले असते. दोघांचेही नुकसान सारखेच असताना दुसऱ्याला अधिक हळहळ वाटेल, असे ९६ टक्के लोकांनी सांगितले. हातातोंडाशी आलेला घास निसटला की तो उचलण्याच्या दहा पद्धती मनाला एकामागून एक सुचत राहतात, आणि प्रत्येक सुचणारी पद्धत हा एक नवा पश्चात्ताप असतो. खिडकी तुमच्या डोळ्यांदेखत बंद झाली असेल, तर हे लक्षात ठेवा.

काम कशामुळे बिघडले यावर त्रासाचे स्वरूप अवलंबून असते का?

बरेच अवलंबून असते, आणि हा फरक ओळखता आला तर पुढचा मार्गही सोपा होतो.

कारणच कळत नसेल किंवा आपल्या हातात काहीच नसेल, तेव्हा असहायता वाढते. ‘यंत्रणा बंद आहे, नंतर या’ या वाक्यात नंतर म्हणजे केव्हा, हे नसते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना मोठ्या, अवेळी होणाऱ्या आवाजात काम करायला बसवले होते. त्यांपैकी काहींच्या हाताशी आवाज बंद करण्याचे बटण दिले होते आणि शक्यतो ते दाबू नये, असे सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतर दिलेल्या कामांत बटण नसलेल्यांपेक्षा ते अधिक चिकाटीने टिकले. आवाज दोघांनाही तेवढाच होता. फरक होता तो वाटले तर थांबवता येईल, या जाणिवेचा. खिडकीवरून तुम्हाला परत पाठवले जाते तेव्हा नेमकी हीच जाणीव हिरावली जाते.

समोरच्या व्यक्तीने तुसडेपणा केला असेल, तर त्रास कामाचा राहत नाही, तो मानाचा होतो. काम दुसऱ्या दिवशी होऊन गेले तरी तो सल राहतो, कारण काम होण्याने त्याची भरपाई होतच नाही. अशा वेळी ‘काम झाले ना शेवटी?’ असे म्हणणाऱ्याला घोडे कुठे पेंड खाते आहे हे कळलेले नसते.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे चूक आपली स्वतःची असणे: कागद घरी विसरणे, तारीख चुकीची लिहून ठेवणे, माप न घेताच वस्तू आणणे. येथे राग बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो आत वळतो, आणि ‘मी कागद विसरले’ या साध्या वाक्याचे बघता बघता ‘मला एवढेही जमत नाही’ असे होते. या दोन वाक्यांमधले अंतर फार मोठे आहे. पहिले वाक्य एका सकाळविषयी आहे आणि ते खरे आहे. दुसरे वाक्य तुमच्या सगळ्या आयुष्याविषयी निकाल देते, तेही एका कागदाच्या पुराव्यावर. ज्यांना लहानपणी प्रत्येक विसरभोळेपणासाठी बोलणी खावी लागली, त्यांच्या मनात हे दुसरे वाक्य फार लवकर उमटते. पुष्कळदा त्याचा आवाजही त्यांचा स्वतःचा नसतो.

खिडकीमागच्या माणसावर मी आवाज चढवला. आता लाज वाटते. काय करावे?

वड्याचे तेल वांग्यावर काढणे, ही म्हण आपल्याकडे उगीच रुळलेली नाही. मानसशास्त्रातही ही गोष्ट जुनीच आहे: १९३९ मध्ये जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैफल्य आणि आक्रमकता यांचा संबंध मांडला, तेव्हा मूळ कारणापर्यंत पोहोचता येत नसेल तर राग दुसरीकडे वळतो, हेही त्यांनी सांगितले होते. त्यांचा मूळ सिद्धांत पुढे बराच सौम्य करावा लागला, कारण प्रत्येक वैफल्यातून आक्रमकता उपजत नाही. पण राग वळतो, हे निरीक्षण टिकले. ज्याने नियम केला तो तुमच्यासमोर नसतो, ज्याला नियम सांगावा लागतो तो असतो.

शक्य असेल तर परत जाऊन माफी मागावी. ‘मघाशी मी तुमच्यावर ओरडलो, ते चुकले, दिवस वाईट होता, पण त्यात तुमचा दोष नव्हता’ एवढे पुरे. मागे आपली कैफियत जोडू नये, कारण मग ती माफी राहत नाही. जाणे शक्य नसेल, तर पुढच्या खेपेला जो कोणी तिथे असेल त्याच्याशी नीट बोलावे. लाज वाटते आहे हे चांगलेच आहे, मात्र तिचे काम माफीपाशी संपते. त्यानंतर आठवडाभर स्वतःला कोसत राहण्याने त्या माणसाला काही मिळत नाही.

तुमची तक्रार खरी असेल, तर आवाज चढवल्यामुळे ती खोटी ठरत नाही, हेही सांगायला हवे. ती शांत झाल्यावर, लेखी, योग्य ठिकाणी करावी.

राग बाहेर काढून टाकला की मोकळे वाटते, हे खरे ना?

तात्पुरते तसे वाटते, पण राग त्यामुळे कमी होतो याला आधार नाही. सोफी केर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा, म्हणजे एकूण १०,१८९ व्यक्तींवरील निष्कर्षांचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, जसे दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे, राग उतरतो; उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग होत नाही, आणि धावण्याने तर तो वाढण्याचाच संभव दिसला. व्यायाम प्रकृतीला चांगला आहे, यात शंका नाही. रागाच्या भरात तो रागावरचे औषध ठरेल असे मात्र धरून चालू नये.

मैत्रिणीला फोन करून सगळे सांगणे या वर्गात मोडते का, असे अनेक जण विचारतात. ते सांगण्याच्या रीतीवर आहे. प्रत्येक वेळी सांगताना गोष्टीला तिखटमीठ लागत असेल आणि फोन ठेवताना तुम्ही आधीपेक्षा जास्त तापलेले असाल, तर ते आगीत तेल ओतणे झाले. सांगता सांगता ‘खरे तर मला दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटते आहे’ असे उमगले, तर तो फोन सार्थकी लागला.

त्या क्षणी, तिथल्या तिथे, नेमके काय करावे?

निघण्यापूर्वी, आवाज स्थिर असेल तर, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: नेमके काय कमी आहे, ते कोणाकडे मिळेल, आणि परत केव्हा यावे. उत्तरे तिथेच कागदावर लिहावीत, कारण क्षोभात ऐकलेले लक्षात राहत नाही आणि दुसरा हेलपाटा बहुधा त्यामुळेच पडतो. आवाज स्थिर नसेल, तर काही न विचारता बाहेर पडावे. प्रश्न फोनवरही विचारता येतात.

बाहेर आल्यावर लगेच पुढच्या कामाला धावू नये. कुठेतरी बसावे, हातातल्या पिशव्या खाली ठेवाव्यात, पाणी प्यावे, आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा. असे काही मिनिटे केले की छातीतली धडधड मंदावू लागते. रडू येत असेल तर येऊ द्यावे. मग जे वाटते आहे त्याला एका वाक्यात नाव द्यावे: ‘मला अपमान झाल्यासारखे वाटते आहे’, ‘मी घाबरलो आहे, कारण मुदत उद्या संपते’. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की भावनेला शब्द दिला असता भीती व धोक्याशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी होते. ‘सगळेच वाईट चालले आहे’ हे मात्र नाव नव्हे; त्याने सगळे धुके तसेच राहते.

त्यानंतर, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्या दिवसाच्या यादीतले एक काम कमी करावे. बहुतेक जण नेमके उलट करतात: एक काम बुडाले म्हणून उरलेली सगळी दुप्पट वेगाने उरकायला जातात, आणि संध्याकाळी घरात कोणीतरी साधा प्रश्न विचारला तरी भडकतात. पहिला बिघाड हा दिवस जड झाला असल्याची सूचना असते. ती मिळाल्यावर भार उतरवणे शहाणपणाचे. त्या तासाभरात कोणताही निर्णय घेऊ नये, तक्रारीचे पत्रही पाठवू नये. लिहून मात्र अवश्य ठेवावे.

झोपेचा आणि भुकेचा याच्याशी खरोखरच संबंध असतो का?

असतो. २००७ मधील एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या व्यक्तींच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया नीट झोपलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक तीव्र आढळली होती. सामान्य माणसाची अपुरी झोप एवढ्या टोकाची नसते, पण दिशा तीच असते. ज्या कामात नकार मिळण्याची शक्यता आहे ते उपाशीपोटी किंवा जागरणानंतर करायला जाऊ नये, इतके साधे पथ्य पाळले तरी बराच फरक पडतो.

आता ते काम पुन्हा करायला जाण्याची इच्छाच होत नाही. तो कागद पाहिला तरी पोटात गोळा येतो.

टाळण्याची ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. जितके दिवस काम टळते, तितके ते मनात मोठे होते, आणि सोबत दंड, संपलेली मुदत, ‘इतके दिवस काय करत होता?’ हा प्रश्न अशी नवी ओझी त्याला चिकटतात.

पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या सुमारास विशद केलेली एक साधी युक्ती येथे कामी येते. ‘लवकरच करेन’ असे न म्हणता ‘मंगळवारी सकाळी चहा झाला की मी तो फोन करेन’ असे प्रसंगाला बांधलेले वाक्य ठरवायचे. कामाचा पहिला तुकडा इतका लहान ठेवावा की त्यात नकार मिळण्याची सोयच नसावी: फक्त कागद एका ठिकाणी काढून ठेवणे, फक्त वेळ काय आहे ते विचारणे. दुसऱ्या खेपेला कोणाला तरी सोबत न्यावे. सोबतीने काही करावे असे नाही, शेजारी उभे राहिले तरी पुरते. आणि ते काम दुसऱ्या कोणाला करता येण्यासारखे असेल, तर त्याच्यावर सोपवण्यात काहीही कमीपणा नाही.

हे एखाद्या आजाराचे लक्षण तर नाही?

अधूनमधून असे होणे हा आजार नव्हे. मात्र काही परिस्थितींत याकडे अधिक लक्ष द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज असे होत असेल, सोबत झोप किंवा भूक बदलली असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, किंवा या उद्रेकांमुळे नोकरी आणि नाती धोक्यात येत असतील, तर डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. नैराश्य दर वेळी उदासीच्याच रूपाने येत नाही. मुलांत आणि किशोरवयीनांत ते अनेकदा चिडचिडीच्या रूपाने दिसते. चिंताविकारातही चिडचिड असते. थायरॉइड ग्रंथीचे कार्य वाढणे किंवा मासिक पाळीपूर्वीचे तीव्र बदल यांमुळेही मन असे हळवे होऊ शकते, म्हणून शारीरिक तपासणीही टाळू नये. स्वमग्न व्यक्तींना ठरलेल्या क्रमात अचानक झालेला बदल खरोखरच असह्य होऊ शकतो, आणि एकाग्रतेचा विकार असलेल्यांना कागद, तारखा आणि रांगा सांभाळण्यासाठी इतरांपेक्षा कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. त्यांना ‘जरा लवचिक व्हा’ असे सांगणे निरर्थक आहे.

जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या, मग निमित्त कितीही क्षुल्लक वाटो.

घरातले माणूस असे कोसळले, तर मी काय म्हणावे?

‘एवढंच ना?’ हे दोन शब्द गिळून टाकावेत. तुम्ही ते धीर देण्यासाठी म्हणता, ऐकणाऱ्याला मात्र आपले दुःख मोजून कमी ठरवले गेल्यासारखे वाटते. उपायही लगेच सुचवू नयेत, कारण ते त्याला स्वतःलाही सुचलेले असतात. ‘बस जरा. फारच दमलास आज,’ किंवा ‘एवढं जाऊनही झालं नाही, वाईटच वाटणार गं,’ एवढे म्हणून गप्प राहावे. बहुधा थोड्या वेळाने दुसरीच एखादी गोष्ट बाहेर येते, आणि तीच ऐकण्यासारखी असते. काम पुन्हा करण्याचा विषय दुसऱ्या दिवशी काढावा, तोही ‘मी येऊ का बरोबर?’ असे विचारून.

वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत थोडी अधिक काळजी घ्यावी. आजवर सहज होणारे काम यंत्रापुढे अडले, की आपण परावलंबी होत चाललो ही भीती त्यांना भेडसावते. ते काम त्यांच्या हातून काढून घेऊन झटपट उरकणे सोयीचे असते, पण त्याने ती भीती खरी ठरते. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच हातून ते होऊ द्यावे, वेळ लागला तरी.

मी खिडकीच्या आतल्या बाजूला काम करते. माझ्यासमोर लोक रडतात किंवा भडकतात, तेव्हा मी काय करू शकते?

नियम तुमच्या हातात नसतो, पण नकार देण्याची रीत असते. कारण सांगा, पुढची पायरी सांगा आणि ती लिहून द्या. ‘तुम्ही लांबून आलात, हे मला दिसते आहे’ या वाक्याने काम होत नाही, पण माणूस नुसता परत पाठवला गेला असे त्याला वाटत नाही. आणि कोणी ओरडले तर ते तुमच्याविषयी क्वचितच असते. तरी ते ऐकण्याचा त्रास तुम्हाला होतो आणि तो खराच असतो. अशा प्रसंगानंतर पाच मिनिटे उठून जाण्याची मुभा तुमच्या वरिष्ठांनी द्यायला हवी. ती मिळत नसेल तर मागायला हवी.

दिवसभर ठीक असते, पण रात्री आडवे झाले की तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो.

अर्धवट राहिलेले काम मनाला टोचत राहते, आणि ते केव्हा, कसे करायचे याचा नेमका बेत ठरवला की ती टोचणी कमी होते, असे २०११ मधील प्रयोगांत दिसले आहे. २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोपी गेले. तेव्हा अंथरुणात पडून त्या माणसाला काय सुनवायला हवे होते याची वाक्ये जुळवण्यापेक्षा उठून दिवा लावावा, राहिलेल्या कामाची पुढची पायरी, वार आणि वेळ कागदावर लिहावी, लागणारे कागद पिशवीत भरावेत आणि ती पिशवी दाराजवळ, सकाळी चपला घालताना दिसेल अशी ठेवून द्यावी.